मोकळी जागा दिसली तरच

रमजानात मुंबईच्या उपनगरांत इफ्तारच्या आधीची वीस मिनिटे रस्त्यावर फार अवघड जातात. गेली दोन-तीन वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आहे. त्या दिवसांत सूर्यास्त साडेसहा ते पावणेसातच्या सुमारास, म्हणजे नेमका ऑफिसे सुटण्याच्या वेळेला. साकीनाक्याहून असल्फामार्गे घाटकोपरकडे जाणारी रांग, जोगेश्वरीत एस. व्ही. रोडवरची कोंडी, मेट्रोच्या बॅरिकेडांनी अरुंद झालेला भांडुप-मुलुंडचा एल.बी.एस. मार्ग, सगळीकडे एकच चित्र. गाड्या जागच्या हलत नाहीत आणि त्यांच्या डाव्या-उजव्या फटींतून दुचाक्या घुसत असतात. हँडलला फळांची आणि भज्यांची पिशवी, डोक्यावर हेल्मेटऐवजी टोपी, आणि नजर समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यापेक्षा घड्याळावर जास्त. पहाटेच्या सहरीनंतर पाण्याचा थेंब पोटात गेलेला नाही. डोके जड, हात थोडे मंद. अशा अवस्थेत माणूस दर अर्ध्या मिनिटाला एक निर्णय घेतो: पुढची गाडी आता ओलांडायची की नाही?

ही घाई फक्त मुसलमानांची नाही, हे उपनगरात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. सकाळची ८:०७ पकडायला बोरिवली स्टेशनकडे धावणारी स्कूटर असो की दहीहंडीला तिघे-चौघे बसलेली मोटारसायकल, रस्त्यावरची हातघाई सारखीच. फरक इतकाच की इफ्तारच्या घाईला धर्माचा आधार आहे असे अनेक तरुणांना मनापासून वाटते. इफ्तारला उशीर करू नये, अशी हदीस आहेच. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत ती येते. पण तिचा अर्थ साधा आहे: सूर्य मावळला की रोजा सोडायला टाळाटाळ करू नका, उगाच ताणून उपवासाचा दिखावा करू नका. घरचे ताट समोर आल्याशिवाय रोजा सुटत नाही, असे त्यात कुठेही नाही. घोटभर पाण्याने, एका खजुराने रोजा सुटतो. तो सिग्नलवर सुटतो, पुलाखाली सुटतो, बंद केलेल्या बाइकवर बसूनही सुटतो. वेळ पाळायची आहे, जागा नव्हे. आणि मगरिबची जमात चुकेल ही धास्ती असेल, तर त्यावरही हदीस आहे, त्याच दोन संग्रहांत: नमाजला धावत येऊ नका, शांतपणे या, मिळेल तेवढी जमातीबरोबर पढा आणि राहिलेली नंतर पुरी करा.

याहून नेमका दाखला मात्र हजच्या प्रवासातला आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. हिजरी सन १०, म्हणजे इ. स. ६३२. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा अखेरचा हज. अराफातच्या मैदानावरून मुजदलिफाकडे निघण्याची वेळ सूर्यास्ताची, आणि सगळा जमाव एकाच वाटेला लागलेला. मागून ओरडण्याचा आणि उंटांना मारून हाकण्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी हातातल्या चाबकाने खूण करून लोकांना शांत राहायला सांगितले. जनावरे पळवण्यात पुण्य नाही, अशा अर्थाचे ते बोलणे इब्ने अब्बास यांनी सांगून ठेवले आहे. स्वतःच्या सांडणीचा लगाम त्यांनी इतका आखडून धरला होता की तिचे डोके खोगिराला लागत होते. त्यांच्या मागे त्याच सांडणीवर तरुण उसामा बिन जैद बसले होते. आजच्या भाषेत म्हणायचे तर मागच्या सीटवरचे. ते कसे चालले होते, असे पुढे उसामांना विचारले गेले. त्यांनी सांगितले की चाल बेताची होती, आणि मोकळी जागा दिसली की ते वेग वाढवत.

मोकळी जागा दिसली की. ओव्हरटेकचा सगळा शहाणपणा या एका अटीत आहे. पुढे जायला मनाई नाही, पण आधी जागा दिसली पाहिजे. जागा असेल असे वाटून, किंवा हॉर्न वाजवला की होईल अशा भरवशावर नव्हे.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. ओलांडायचे ते उजवीकडून. डावीकडून जाण्याचा रूढ अपवाद असा की पुढच्या गाडीने उजवीकडे वळण्याचा इंडिकेटर दिलेला आहे आणि ती रस्त्याच्या मध्याकडे सरकली आहे. वळणावर, चढाच्या माथ्यावर, समोरचे नीट दिसत नाही तिथे ओलांडायचे नाही. मागच्याने आपल्याला ओलांडायला सुरुवात केली असेल तर आपण थांबायचे. अखंड रेघ ओलांडून पलीकडे जायचे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य ओव्हरटेक हा धोकादायक वाहन चालवण्याचाच प्रकार म्हणून स्पष्ट लिहिला गेला. पहिल्या गुन्ह्यालाही एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. दोन गाड्यांमधल्या फटीतून जाण्याची खास सवलत आपल्याकडे दुचाकीला नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ती २०१४ पासून आहे, पण पक्का परवाना हवा आणि वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत हवा. आपल्याकडे सवलत नाही आणि वेगाचे भानही नाही.

अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यावर डावी बाजू का वाईट, हे कायदा न वाचताही कळते. रिक्षाची उजवी बाजू दांडीने बंद असते, म्हणून प्रवासी डावीकडूनच उतरतो, आणि उतरताना मागे बघत नाही. बेस्टच्या बसचे दरवाजे डावीकडे. मोटारीतला माणूस गाडी कोंडीत अडकली की डावीकडचे दार उघडून चालू लागतो. डावीकडेच गटाराची झाकणे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, वाळूचा ढीग, आणि इफ्तारच्या वेळी तर रस्त्याच्या कडेला लागलेल्या खजूर-कलिंगडाच्या गाड्यांभोवतीची माणसे. ज्या फटीला दुचाकीस्वार रस्ता समजतो, तो खरे तर उतरणाऱ्या माणसाचा फुटपाथ झालेला असतो. मोठ्या वाहनाच्या डावीकडे तर चालकाला दुचाकी आरशात दिसतही नाही. सोपी खूण अशी की आपल्याला समोरच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

उजवीकडूनही हिशेब लागतोच. गोरेगावहून मरोळकडे जाणारा आरेचा रस्ता घ्या. दुभाजक नसलेला, झाडीचा, वळणांचा, कडेला पाडे आणि अधूनमधून बिबट्याची वर्दी. पुढची मोटार ताशी ३० ने चालली आहे, दुचाकी ४० ने. दहा मीटर मागून निघून, चार मीटरची मोटार ओलांडून, पुढे दहा मीटर सोडून परत आपल्या बाजूला यायचे, तर दुचाकीची लांबी धरून २६ मीटरची आघाडी घ्यावी लागते. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर. म्हणजे नऊ सेकंदांहून थोडा जास्त वेळ दुचाकी चुकीच्या बाजूला, आणि तेवढ्यात तिने शंभरेक मीटर कापलेले. समोरून कुणी ४० ने येत असेल तर त्यानेही तेवढेच कापले. दोनशे मीटर रस्ता डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल तरच निघावे. आरेत संध्याकाळी इतका सरळ, रिकामा पट्टा किती ठिकाणी मिळतो, हे तिथून रोज जाणाऱ्यांनी आठवून पाहावे. वेग वाढवला की अंतर कमी लागते हे खरे, पण मग पाड्यातून रस्त्यावर आलेल्या मुलासाठी ब्रेक लागायलाही जास्त जागा लागते.

आणि मिळते काय? कोंडीत गाड्या ताशी दहाने सरकत असतात तेव्हा एक मोटार मागे टाकली की दोन-अडीच सेकंद वाचतात. दहा मोटारी मागे टाकल्या तर पाव ते अर्धा मिनिट, आणि तेही पुढच्या लाल दिव्यावर परत द्यावे लागते.

यात सगळा दोष दुचाकीवाल्यावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. मोटार चालवणारा इंडिकेटर न देता सरकतो. कुणी ओलांडू लागला की मुद्दाम वेग वाढवतो, जे कायद्याने चूक आहे. शिवाय त्या वीस मिनिटांत रस्त्यावर सर्वांत जास्त जिवाची घाई असते ती डिलिव्हरीच्या मुलांना. त्यांत रोजेदार असतात, नसलेलेही असतात. सव्वासहाला हलीमची ऑर्डर देऊन ती अजानच्या आत दारात हवी असे म्हणणारा माणूस घरी सोफ्यावर बसलेला असतो, पण एस. व्ही. रोडवर डावीकडून घुसणाऱ्या त्या चाकाला त्यानेही ढकललेले असते. तो रोजेदार असेल तर हिशेब आणखी कडक. इस्लाममध्ये ‘हुकूकुल इबाद’ म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क वेगळे धरले जातात. नमाज-रोज्यातली कसूर अल्लाह माफ करील, पण माणसाचे नुकसान ज्याचे झाले त्यानेच माफ करायचे असते, असे प्रत्येक मदरशात शिकवतात. रिक्षातून उतरणाऱ्या म्हातारीचा मोडलेला पाय या दुसऱ्या खात्यात जातो. रस्त्यातून काटा-दगड बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग मानला गेला आहे. मग स्वतःच काटा होऊन रस्त्यात घुसण्याला काय म्हणायचे?

मशिदींना यात थोडे करता येईल. अनेक ठिकाणी रमजानात मगरिबच्या अजाननंतर जमात काही मिनिटे थांबवतात, म्हणजे लोकांना खजूर-पाणी घेता येते. ही मिनिटे किती आहेत, हे बाहेरच्या फळ्यावर ठळक लिहिले तर धावत येणाऱ्याची धास्ती कमी होईल. जुम्म्याच्या बयानमध्ये जकातीच्या हिशेबाबरोबर हेल्मेटचा आणि डाव्या बाजूचा विषय निघाला तर कुणाचे बिघडणार नाही. शब-ए-बरातच्या रात्री बाइक उडवणाऱ्या पोरांबद्दल ज्येष्ठ मंडळी बोलतातच, इफ्तारच्या घाईबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण ती चांगल्या घरच्या, नमाजी माणसांची घाई असते. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इफ्तारची ऑर्डर साडेपाचच्या आत द्या, एवढे जरी कुणी टाकले तरी काम होईल.

बाकी तयारी फार नाही. डिकीत तीन खजूर आणि पाण्याची छोटी बाटली. नाक्यानाक्यावर पोरे खजुराची ताटे घेऊन उभी असतात, ती हेल्मेट घातलेल्या कुठल्याही माणसाला नाव न विचारता देतात, शेजारच्या रिक्षावाल्यालाही देतात. अजान झाली की बाइक कडेला घ्यायची, स्टँडवर लावायची, काच वर करायची. घरचे ताट दहा मिनिटे थांबते. फोन करून तेवढे सांगून ठेवावे, म्हणजे घरच्यांचेही लक्ष दाराकडे लागून राहत नाही.