मूल वाचेल तर शाळा वाचेल



१९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाचा पक्ष हरला आणि १९८७ साली गोवा घटक राज्य झाले. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा हे आपल्या पदरात पडलेले खरे धन. त्यांतल्या कित्येक पटावर मुले नाहीत म्हणून बंद झाल्या. सरकारला दोष द्यावा तेवढा थोडाच. परंतु दुसरीतले मूल एक वाक्य वाचू शकत नसेल, तर बाप त्याला दुसऱ्या शाळेत घालणारच. त्याला मराठीद्रोही म्हणण्याचा अधिकार आम्हा मास्तरांना नाही.

मुलाच्या घरची बोली वेगळी म्हणून ते मागे पडते, असे कारण नेहमी पुढे केले जाते. ही अडचण एकट्या गोव्याची नाही. होळकरांच्या जुन्या मुलखात, इंदूरहून उज्जैनला जाताना सांवेर लागते. त्या भागातले मूल घरी माळवी बोलते, शाळेत हिंदी वाचते. तिथल्या मराठी घरातले मूल तर घरी 'कमळ' म्हणते आणि पुस्तकात 'कमल' वाचते. तेव्हा दोष बोलीचा नव्हे, शिकवण्याच्या रीतीचा आहे. ती रीत बदलायला पैसा लागत नाही.

आधी कान तयार करा. पाटी बाजूला ठेवून टाळ्या वाजवा: ना-र-ळ, तीन टाळ्या. मग विचारा, 'ना'ने आणखी काय सुरू होते? नाक, नाव, नाचणी. रोज दहा मिनिटे पुरेत.

नंतर अक्षरे, पण 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत ओळीने घोकून नव्हे. न, व, म, र, ळ ही पाच अक्षरे आणि एक काना घ्या. एवढ्यात नाव, वारा, रान, मळा, नारळ तयार होतात. नाखव्याच्या आणि कुळाच्या पोराला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. अक्षरे वाळूत बोटाने काढू द्या, शिंपल्यांनी, चिंचोक्यांनी मांडू द्या.

मूल 'उदक' म्हणाले तर त्याला हसू नका, दटावू नका. फळ्यावर 'उदक' लिहा, शेजारी 'पाणी' लिहा, दोन्ही वाचून घ्या. भाषा की बोली हा वाद थोरांचा आहे. त्याचा मार पोराच्या पाठीवर कशाला?

शुद्धलेखनाचेही तेच. नियम पाठ करून घेण्याआधी चिठ्ठ्या वाटा: मीठ–मिठात, दूध–दुधात, गूळ–गुळात. जोड्या लावता लावता मुलेच सांगतील, की प्रत्यय लागला की दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते. मग पाणी, होडी, वाळू, भाकरी दाखवा. शब्दाच्या शेवटी दीर्घ, हेही त्यांनाच सापडेल. पहिलीतल्या मुलाने 'पाणि' लिहिले तर लाल शाई उचलू नका. त्याने आवाज बरोबर ऐकला आहे, उरलेले हळूहळू येईल.

हे माझ्या डोक्यातले खूळ नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला काम सुरू केले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. शिंपले, बिया, पाने हेच त्यांचे शिक्षणसाहित्य. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली.

आई-बापांनो, तुमचेही काम आहे. शाळेत जा, मुलाला तुमच्यासमोर चार ओळी वाचायला सांगा. वाचता आले नाही तर मुलाला मारू नका, मास्तरांना जाब विचारा. मोर्चे आपण खूप काढले. आता प्रत्येक वाड्यावर मराठी वाचणारी पोरे दिसू द्या. तेवढी दिसली, तर शाळेला कुलूप लावण्याची कोणाची छाती होणार नाही.