दावा लावायचा कुठे?

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरजवळ ट्रकच्या धडकेत कुणी गेले, तर घरच्यांना भरपाईसाठी ट्रकमालकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ ने दावेदाराला निवड दिली आहे. अपघात झाला तिथे, प्रतिवादी राहतो तिथे किंवा दावेदार स्वतः राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. ट्रक राजस्थानचा असला तरी आंबेगावच्या विधवेला आपल्या भागातच दाद मागता येते.

तोच माणूस मुंबईत दहशतवाद्याच्या गोळीने गेला तर?

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न दूरचा नाही. मुंबईचे कितीतरी डबेवाले आणि माथाडी कामगार याच डोंगरपट्ट्यातले. ११ जुलै २००६ ला ज्या लोकलमध्ये स्फोट झाले आणि २६ नोव्हेंबर २००८ ला ज्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला, तिथे या तालुक्यांतली माणसे रोज वावरतात. रेल्वे कायद्याने एक सोय मात्र केलेली आहे. गाडीत किंवा फलाटावर दहशतवादी कृत्यात प्रवासी मेला, तर चूक रेल्वेची होती का हे न विचारता भरपाई मिळते. मृत्यूसाठीची ही रक्कम २०१७ पासून ८ लाख आहे. स्टेशनबाहेर, कामा रुग्णालयाच्या गल्लीत गोळी लागली की ही तरतूद संपते. उरते ती सरकारी मदत, आणि तिच्यासाठीही झगडावे लागते. सीएसटीवर पायात गोळी लागलेल्या, हल्लेखोर कसाबला न्यायालयात ओळखणाऱ्या मुलीला आश्वासन मिळालेल्या घरासाठी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका करावी लागली.

मारणाऱ्या संघटनेकडून भरपाई मागण्याचा मार्ग मात्र दुसऱ्याच देशात उघडला. २६/११ च्या १६६ मृतांत अमेरिकी नागरिक होते. त्यांच्या वारसांनी नोव्हेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन इथल्या फेडरल न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी होते लष्कर-ए-तैयबा, तिचे म्होरके हाफिज सईद आणि लखवी, आणि पाकिस्तानची गुप्तचर संस्था आयएसआय आपल्या तेव्हाच्या आणि आधीच्या प्रमुखांसह. आयएसआय सुटली. परकीय राज्याला संरक्षण असते, असे अमेरिकी सरकारनेच न्यायालयाला कळवले आणि २०१४ मध्ये अपिलातही तेच टिकले. लष्करला हे कवच नव्हते, कारण ते राज्य नाही.

परकीय संघटनेला आपल्या कोर्टात खेचण्यासाठी अमेरिकेला बरीच खटपट करावी लागली आहे. इस्रायलमधल्या हल्ल्यांबद्दल पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेविरुद्ध २०१५ मध्ये ज्यूरीने दिलेली रक्कम कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन ६५ कोटी डॉलरांवर गेली. पुढच्याच वर्षी अपिलात ती रद्द झाली, कारण हल्ले अमेरिकेबाहेरचे आणि संघटनाही बाहेरची. मग अमेरिकी काँग्रेसने २०१९ मध्ये अशा दाव्यांना वाट देणारा नवा कायदा केला आणि २० जून २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

भारताला यातले काहीच करावे लागत नाही. खून मुंबईत झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार कृत्य जिथे घडले तिथल्या न्यायालयाला अधिकार आहे. समन्स परदेशात पाठवता येते, प्रतिवादी आला नाही तर एकतर्फी हुकूमनामाही होतो. कलम ८६ खाली केंद्राची परवानगी लागते ती परकीय राज्यावर दावा लावताना, लष्करवर नव्हे.

अडचण अधिकाराची नाही, वाटेची आहे. मृत्यूबद्दलचा असा दावा १८५५ च्या जीवघेण्या अपघातांच्या कायद्याखाली येतो आणि त्याची मुदत मृत्यूपासून २ वर्षे. २६/११ साठी ती नोव्हेंबर २०१० मध्ये संपली. कसाबच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ऑगस्ट २०१२ मध्ये, आणि कटात सामील असलेल्या हेडलीने मुंबईच्या न्यायालयापुढे व्हिडिओवरून साक्ष दिली २०१६ मध्ये. म्हणजे कट कोणी रचला हे न्यायालयात पुरते बाहेर येण्याआधीच वारसांचे दार बंद झाले होते. शिवाय मागितलेल्या रकमेनुसार कोर्ट फी, आणि प्रत्येक तारखेला घोडेगावहून मुंबई.

लष्कर पैसे देणार कुठून, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर महाराष्ट्रातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुंबके गावी १९९३ च्या मुंबई स्फोटांतला फरार आरोपी दाऊद याच्या कुटुंबाच्या जमिनींचा जानेवारी २०२४ मध्ये लिलाव झाला. सुमारे १५ हजार रुपये राखीव किमतीच्या एका तुकड्याला २ कोटींवर बोली लागली. असा पैसा सरकारजमा होतो. त्या स्फोटांतल्या २५७ मृतांच्या वारसांचा त्यावर कायद्याने हक्क नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली जप्त झालेली मालमत्ताही सरकारचीच. आर्थिक घोटाळ्यात मात्र पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली जप्त मालमत्तेतून बँकांना पैसे परत मिळाले आहेत. बँकेला जे मिळते ते बाप गमावलेल्या मुलाला मिळू नये, याला कसलेही समर्थन नाही.

म्हणून संसदेने यूएपीएत दुरुस्ती करावी. पहिल्या अनुसूचीतल्या प्रतिबंधित संघटनेवर पीडितांना थेट दावा लावता यावा, तोही स्वतःच्या तालुक्याला जवळच्या न्यायालयात आणि कोर्ट फीशिवाय. फौजदारी निकालातले निष्कर्ष तिथे पुरावा म्हणून चालावेत, हुकूमनाम्याची वसुली जप्त मालमत्तेतून व्हावी. मुदत मोजावी ती फौजदारी खटल्याच्या अंतिम निकालापासून. आणि जुन्या घटनाही त्यात याव्यात. कॅनडाने २०१२ मध्ये असा कायदा केला तेव्हा तो १ जानेवारी १९८५ पासूनच्या कृत्यांना लागू केला. त्यामुळे जून १९८५ मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातल्या स्फोटात गेलेल्या ३२९ जणांची कुटुंबे त्याच्या कक्षेत आली.