पुढच्या सीटची गाडी

घरात गाडी घ्यायचं ठरलं की पूर्वी पहिला प्रश्न असे, ‘मागे माणसं किती बसतील?’ अॅम्बेसेडर काय, पद्मिनी काय, दोन्ही मागच्या सीटच्या गाड्या! शेठजी मागे ऐसपैस बसणार आणि पुढे ड्रायव्हर घाम पुसत गिअर ओढणार. १९८३ साली मारुती ८०० आली आणि मालक स्वतःच स्टिअरिंगवर बसू लागला. पण त्याला तिथली खरी गोडी लागली ती १९९३ साली ‘झेन’ आल्यावर.

झेन दिसायलाच वेगळी. अंगावर कोपरा म्हणून नाही, चोखून गुळगुळीत झालेली लिमलेटची गोळीच जणू! कंपनीनं नावाची फोड केली ‘झीरो इंजिन नॉइज’. शब्द जपानी असला तरी त्याचं मूळ आपल्या ‘ध्याना’तच. चालवणाऱ्याचं ध्यान लागतं असं मात्र कुणी समजू नये. उलट पाय शिवशिवायला लागतो.

त्याला कारणही तसंच आहे. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं अॅल्युमिनियमचं इंजिन, ताकद सुमारे ५० अश्वशक्ती आणि ओढायचं वजन जेमतेम पाऊण टन. शिवाय पाचवा गिअर; ८००ला तेव्हा चारच होते. क्लच हलका, गिअर मनगटाच्या झटक्यासरशी पडतो. सीट इतकी खाली, की रस्ता हाताला लागेल असं वाटतं आणि साठचा वेग ऐंशीसारखा भासतो. बोरघाटात पुढे लोडेड ट्रक रेंगाळत असावा, त्यानं बाजू द्यावी, इकडे दुसऱ्या गिअरवर इंजिननं खणखणीत सूर लावावा आणि गाडी सुर्रकन पुढे निघावी... हे सुख तेव्हाच्या मध्यमवर्गाला नवीनच होतं. मंडईपाशी गाडी लावताना मात्र दंडाला व्यायाम, कारण सुरुवातीच्या झेनला पॉवर स्टिअरिंग नव्हतं.

मागच्या सीटवरची कथा निराळी. उंच माणसाचे गुडघे पुढच्या सीटला टेकणार. ‘अगं, गाडीत बसायचंय की विहिरीत उतरायचंय?’ असं सासूबाईंनी म्हणावं आणि स्टिअरिंगवरच्या सूनबाईंनी ‘आई, तुम्ही पुढे बसा ना!’ म्हणून दार उघडून द्यावं, हे दृश्य अनेक घरांतलं. सासू पुढे, मुलगा मागे गुडघे आवळून!

ही झेन २००६ साली बंद झाली. पुढे ‘झेन एस्टिलो’ आली, पण ती उंच बांध्याची वेगळीच गाडी. जुन्या झेन अजून कुठे कुठे दिसतात आणि हौशी तरुण त्या शोधत फिरतात. हौस जरूर करावी, पण डोळे उघडे ठेवून. आज सक्तीच्या असलेल्या एअरबॅग्ज तिच्यात नाहीत. द्रुतगती मार्गावर शेजारून बस गेली, तरी वाऱ्याच्या झोतानं ही हलकी गाडी हलते. लेकराबाळांना घेऊन लांबच्या प्रवासाला ती नकोच; गावातल्या गावात आणि सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर तिची खरी मजा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, तेव्हा कागद आधी पाहावेत. आणि वरच्या रंगावर न भाळता पायाखालचे मॅट उचलून पत्रा गंजलाय का, तेही बघून घ्यावं.