केमोच्या रुग्णाला घरी एकटे पडू देऊ नका
वाशिम जिल्ह्यातील नागरिकांना कळकळीचे आवाहन



आपल्या जिल्ह्यात आज कितीतरी घरांत कुणाची तरी केमोथेरपी सुरू आहे. डोस घ्यायला कुणी अकोल्याला जातो, कुणी नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात, कुणी थेट मुंबईत परळला टाटा रुग्णालयात. सलाईन संपते, माणूस गावी परततो आणि पुढचा डोस येईपर्यंत त्याच्यासोबत असतात ती घरची माणसे आणि एक जाड फाइल. तिथे वॉर्डात सिस्टर होती. इथे विचारायला कुणी नाही. आणि जिवाला धोका असतो तो बहुतेकदा या मधल्या दिवसांतच.

केमोची औषधे कर्करोगाबरोबर रक्त तयार करणाऱ्या पेशींनाही मार देतात. बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. अशा वेळी अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, तर तो साधा ताप समजू नका. रक्तात जंतुसंसर्ग पसरत असू शकतो आणि शिरेतून अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात सुरू व्हावे लागते. आपल्याकडे मात्र ‘अशक्तपणाचा ताप आहे, उतरेल’ म्हणून घरातली गोळी दिली जाते. गोळीने ताप दबतो, संसर्ग आत वाढतच राहतो. मग सकाळच्या एसटीची वाट पाहिली जाते. सोयाबीन सोंगणीचे दिवस असले तर दुपार होते. जो माणूस कर्करोगाशी झुंजत होता, तो या उशिरापायी हातचा जातो.

हा उशीर एका फोनने टळू शकतो, आणि याला पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात कर्करोग पसरलेल्या, केमो सुरू असलेल्या ७६६ रुग्णांवर अभ्यास झाला. काही रुग्णांनी आपला त्रास इंटरनेटवरून नियमित नोंदवायचा, त्रास वाढला की नर्सला लगेच सूचना जायची आणि नर्सने पाहून सल्ला द्यायचा, एवढीच व्यवस्था होती. या रुग्णांना तातडीच्या विभागात कमी वेळा जावे लागले आणि त्यांची केमो जास्त काळ चालू राहू शकली. २०१७ मध्ये पुढचे निष्कर्ष आले: नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांच्या जगण्याचा मध्यक (मीडियन) कालावधी २६ महिने होता, नर्सशी जोडलेल्यांचा ३१.२ महिने. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. वेळेवर विचारणारे माणूस होते. ज्यांना आधी कॉम्प्युटरची सवय नव्हती, त्यांना या व्यवस्थेचा फायदा अधिक झाला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘आपल्या खेड्यातल्या लोकांना हे जमणार नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

आपल्याकडे साधने अगदीच नाहीत असे नाही. ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी तो जोडून देतात. वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केंद्राने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केली आहे. समृद्धी महामार्ग मालेगाव, कारंजा भागातून जातो, त्यामुळे नागपूरही जवळ आले. पण रात्री दोन वाजता ‘सिस्टर, ताप १०१ आहे, काय करू?’ हे विचारायला हक्काचा माणूस हवा. तो मिळवण्यासाठीच हे आवाहन आहे.

मागणी एकच आहे. जिल्हा रुग्णालयात केमोचे प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरांचा फोन आणि व्हिडिओ कॉलचा कक्ष असावा, रात्रंदिवस चालणारा. रुग्ण घरी आला की पहिल्या आठवड्यातच तिकडून फोन यावा. ताप, उलट्या, जुलाब, तोंडातले फोड, सलाईनच्या जागेची सूज, हे सगळे सिस्टरने विचारावे, गरज पडल्यास फोटो मागवावा. घरीच सांभाळता येईल, आरोग्य केंद्रात जावे लागेल की १०८ रुग्णवाहिका बोलवावी लागेल, हे तिने सांगावे. शक्य तिथे तीच सिस्टर पुन्हा बोलावी. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या आजीशी तिच्या गोरमाटी बोलीत बोलणारी सिस्टर असेल तर आजी दुखणे लपवणार नाही.

आता घरच्यांसाठी, आणि हे आजपासूनच करा. रुग्ण बाई असेल तर फोन तिच्या हातात द्या. अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो सकाळी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशातून शेतात जातो. ती दिवसभर उलट्या काढते आणि संध्याकाळी ‘बरं आहे’ म्हणते. स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग असेल तर काही त्रास ती मुलाला सांगूच शकत नाही, सिस्टरला सांगेल. घरात थर्मामीटर आणून ठेवा. सुट्टी होताना वॉर्डचा रात्री लागणारा नंबर आणि औषधांची नावे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. ताप आला तर आधी मोजा, मनाने गोळी देऊ नका, दवाखान्यात पोचताच पहिले वाक्य ‘केमो चालू आहे’ हेच असू द्या. श्वास लागला, रक्त थांबेना, माणूस भ्रमात बोलू लागला, तर व्हिडिओ कॉल लावत बसू नका, १०८ ला फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे काढे आणि रस यांच्या नादी तर मुळीच लागू नका.

गावातल्या मुला-मुलींनो, शेजारच्या रुग्णाला ई-संजीवनी लावून द्या, मात्र त्याचे रिपोर्ट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. निवृत्त सिस्टरांनो, तुमचा अनुभव या जिल्ह्याला हवा आहे. आठवड्यातले काही तास द्यायची तयारी जिल्हा रुग्णालयाला लेखी कळवा. आशाताईंनो, तुमच्या गावात कुणाची केमो सुरू आहे हे आरोग्य केंद्रात सांगून ठेवा.

सरपंच आणि ग्रामसभेच्या सर्व सदस्यांना विनंती: येत्या ग्रामसभेत केमो रुग्णांसाठी नर्सिंग मदत कक्षाचा ठराव घ्या. त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या आणि पोच घ्या. डे-केअर केंद्राची इमारत आणि खुर्च्या ठरतील त्याच वेळी या सिस्टरांची पदेही मंजूर झाली पाहिजेत. नंतर मागितली तर ती मिळायला वर्षे जातील, आणि आज केमोवर असलेल्या रुग्णांकडे तेवढा वेळ नाही.