स्वच्छ दुधाचे मोल

सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतील तालुका. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी येथील काही शिवारांत पोहोचविले. तरीही पावसाने पाठ फिरविली की पीक हातचे जाते. अशा वेळी घर चालते ते दावणीच्या दुभत्या जनावरावर. दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या बिलातून किराणा, औषधपाणी आणि मुलांची फी भागते. म्हणूनच दुधाच्या स्वच्छतेचा प्रश्न केवळ आरोग्याचा नाही. तो अर्थव्यवहाराचाही आहे.

निरोगी कासेतून येणाऱ्या दुधात जंतू अगदी थोडे असतात. पुढे ते मिसळतात ते शेणाने माखलेल्या सडांवरून, न धुतलेल्या हातांवरून आणि नीट न घासलेल्या बादलीतून व किटलीतून. उरलेले काम उष्मा करतो. जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात असे धरले, तर मिलिलिटरमागे १०,००० जंतू असलेल्या दुधात तीन तासांनी ते ६,४०,००० होतात. आरंभ १ लाखापासून झाला, तर हाच आकडा ६४ लाखांवर जातो. भारतीय मानकांनुसार २ लाखांपर्यंत जंतू असलेले कच्चे दूध उत्तम आणि ५० लाखांवरचे निकृष्ट समजले जाते. युरोपीय संघाने तर गाईच्या कच्च्या दुधासाठी १ लाखाची मर्यादा घातली आहे. ७२ अंशांवर १५ सेकंद तापविल्याने रोगजंतू मरतात हे खरे. परंतु बिघडलेल्या दुधाचा मूळ कस त्यामुळे परत येत नाही.

उपाय अवघड नाहीत. कास धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी करावी, पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात घ्याव्यात, कासदाह झालेल्या जनावराचे दूध इतर दुधात मिसळू नये, भांडी गरम पाण्याने धुऊन पालथी घालावीत आणि दूध विलंब न लावता थंड करावे. शिबिरांतून आणि पुस्तिकांतून हे पुष्कळदा सांगितले जाते. मग ते आचरणात का येत नाही? शेतकऱ्याचे अज्ञान हे त्याचे सोपे उत्तर; पण ते अपुरे आहे.

खरे कारण दराच्या तक्त्यात आहे. दुधाचा भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर. २०२४ साली राज्य शासनाने गाईच्या दुधाला अनुदान दिले, तेव्हाही कसोटी हीच होती. जंतूंच्या संख्येला त्यात स्थान नव्हते. त्यातच संकलन केंद्रावर साऱ्या गावाचे दूध एकत्र होते. पहाटे उठून पाणी तापविणाऱ्या, भांडी घासणाऱ्या गृहिणीचे दूध शेजारच्या निष्काळजी गोठ्यातील दुधात मिसळते आणि फॅट सारखे भरले की भावही दोघांना सारखाच मिळतो. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पाणी आणि सरपण दोन्ही मोलाचे, तेथे स्वच्छतेचा खर्च एकीने सोसावा आणि तिचा लाभ सर्वांत वाटला जावा, ही व्यवस्था टिकणारी नव्हे. ज्या गुणाला बाजारात किंमत नाही, तो गुण उपदेशाने फार काळ जगत नाही.

प्रत्येकाचे दूध रोज तपासणे खर्चाचे आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु रोज तपासण्याची गरजच नाही. मिथिलीन ब्लूची साधी चाचणी डेअऱ्यांना परिचित आहे. दुधातील निळा रंग जितक्या लवकर उडेल, तितके जंतू अधिक. दर बिलाच्या मुदतीत प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचा एक नमुना, पूर्वसूचना न देता, दूध एकत्र करण्यापूर्वीच घ्यावा आणि चांगल्या नमुन्यास लिटरमागे ठरावीक जादा दर द्यावा. केंद्रावर शीतकरणाची सोय नसेल किंवा गाडी उशिरा येत असेल, तर त्या नुकसानीची जबाबदारी मात्र संघाची असावी. तिचा भार उत्पादकावर पडू नये.

१९७० साली सुरू झालेल्या धवलक्रांतीनंतर भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश झाला. त्या वाटचालीत लिटरांचा हिशेब नीट ठेवला गेला. आता स्वच्छतेचाही ठेवला पाहिजे. दुष्काळी गावातील गृहिणीच्या पहाटेच्या श्रमांचा मोबदला बिलात स्वतंत्र रकान्यात दिसू लागेल, तेव्हा गोठा स्वच्छ ठेवण्यासाठी तिला निराळे व्याख्यान ऐकवावे लागणार नाही.