रानात जायचं तर आजीला घेऊन जा

पांढुर्णा-सौंसरच्या मंडळींनो, हिवाळा आला की आपल्या घरोघरी एकच बेत ठरतो. पोरांना जंगल दाखवायचं म्हणजे पेंचला जिप्सी बुक करायची. जरूर करा. पण आपल्याच गावाबाहेरचं सागाचं रान पायी पाहायला किती घरं निघतात? जामसावळीला गाडीनं जातो, छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट चढतो, अन् रान काचेतूनच मागे पडतं.

माझं म्हणणं एवढंच, वर्षातून एकदा तरी घरच्यांनी तास-दीड तासाचं रानातलं फिरणं ठरवावं. तेही आजी-आजोबांना घरी ठेवून नाही, त्यांच्या चालीनं.

कारण सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला अन् आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी शाळा-कचेरीची भाषा हिंदीच. त्यात वाईट काही नाही. पण पोरं पुस्तकात सागौन, महुआ, पलाश वाचतात. साग, मोह, पळस, टेंभरं, चारं हे शब्द त्यांना झाडाखाली उभं राहूनच मिळतील, अन् ते सांगणारं माणूस आता सत्तरीच्या पुढं आहे. पळस म्हणजे नुसतं केशरी फूल नाही. त्याच्या पत्रावळींवर आपल्या पंगती जेवल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला जाम नदीत रोवतात तो झेंडा पळसाच्याच झाडाचा. आजीनं खोडाला हात लावून हे सांगितलं, की पोरगं विसरत नाही.

बेत साधा ठेवा. पावसाळ्यात रान देखणं असतं, पण वाट निसरडी अन् गवतात साप. फेब्रुवारीअखेर बरं. सागाची पानं गळालेली, त्यामुळे लांबवर दिसतं, अन् पळस फुलायला लागलेला. मृग बहाराच्या तोडणीतून एक रविवार काढा. जाणं-येणं मिळून दोन किलोमीटर पुरे, वाट सपाट हवी. आदल्या दिवशी नाकेदाराला विचारा अन् त्या गावचा ओळखीचा माणूस सोबत घ्या. पेंच अन् सातपुडा या दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारं जंगल छिंदवाड्याकडूनच जातं, बिबट्याचा तर नेमच नाही. म्हणून चांगलं उजाडल्यावर आठला निघा, दहाला परत या. झुणका-भाकर अन् पाणी घ्या, काडेपेटी घरीच ठेवा, पालापाचोळा कोरडा असतो. मार्चमध्ये गेलात तर मोहाखाली सांभाळून पाय टाका. ती फुलं वेचणाऱ्या बायांच्या घरची कमाई आहे.

कोणी म्हणेल, आजीचे गुडघे दुखतात, पोरं कंटाळतील. आजी दर शंभर पावलांवर थांबणारच. ती थांबली की पोरांनी समोरच्या झाडाचं नाव विचारायचं. भरभर चालणाऱ्याला रान दिसतं, पण नावं कळत नाहीत.

अन् एक वही सोबत ठेवा. आजी जे नाव सांगेल ते पोरांच्या हातानं लिहून घ्या, तिच्याच शब्दात. पुढच्या वर्षी तीच वही घेऊन जायचं, अन् तेव्हा नावं पोरांनी आजीला सांगायची.