माळवद: छप्पर की जमीन?

सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या गावठाणात सपाट मातीच्या छताला माळवद म्हणतात. मराठवाड्यात, खानदेशात त्यालाच धाबं म्हणतात. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. कोकणासारख्या उतरत्या कौलांची इथं गरज पडली नाही आणि असं छत टिकलं, हे खरंच. पण पावसानं छताचा आकार सांगितला, नाव नाही. छप्पर हा खालून वर पाहणाऱ्याचा शब्द आहे, माळवद हा शिडी चढून वर गेलेल्याचा, असं माझं मत आहे. पुरावा याच जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या भाषांत आहे. घरातल्या पोटमाळ्याला आपण माळा म्हणतो. अक्कलकोटकडच्या कानडीत 'माळिगे' म्हणजे सपाट छताचं घर आणि वरचा मजलाही. इथल्या विणकरांच्या तेलुगूतला 'मिद्दे' हा शब्द वेगळ्या मुळाचा, तरी त्यातही हेच दोन अर्थ नांदतात. तीन भाषांनी छत आणि मजला एकत्र धरावेत, हा नुसता योगायोग मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, माळवद हे माळावरून आलं. माळासारखं सपाट, उघडं. कानाला हे पटतं. पण त्यानं फक्त सपाटपणाचा उलगडा होतो, घरातल्या अंधाऱ्या माळ्याचा होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: माळवद गळतं असंच लोक म्हणतात, म्हणजे ते छतच. आहेच. तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर काटक्या नि पाला, वर चोपून बसवलेली पांढरी माती, पन्हाळीकडे किंचित उतार. मृगाआधी पुन्हा माती टाकायची. पण एवढं ओझं तुळयांवर चढवल्यावर त्याचा उपयोगही वसूल होत असे. तिथंच कुरडया-सांडगे वाळत, उन्हाळ्यात अंथरुणं पडत.

या ओझ्याची किंमतही विसरता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि अशी जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांना मातीच्या छताची धास्ती वाटली, ती रास्तच होती. तेव्हा जुनी माळवदं जशीच्या तशी राखा, असा माझा आग्रह नाही. मात्र त्यांच्या जागी नुसता पत्रा आला, तिथं वैशाखात आत बसवत नाही आणि वर पाऊलही ठेवता येत नाही. सिमेंटच्या स्लॅबवर निदान वाळवण पडतं. घरकुलाचा नकाशा काढणाऱ्यानं म्हणून जिन्याचा खर्च आधी कापू नये.